बाईंच्या शब्दवह्या : प्रकल्प नोंदी

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

बाईंना जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेराव्याला गर्दीत कुणाशी नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून आज सकाळी पुन्हा शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेले. बाईंच्या मुलानं, आम्ही त्यांना दादाच म्हणतो, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती. "आईनं सांगून ठेवलं होतं, ह्या वह्या माझ्या न्हाईत, पोरांच्या हायत. पोरांपैकी कुणीतरी न्यायच्या," म्हणाले.

ट्रंकेत दोनशे पानी एकोणीस वह्या निघाल्या. खाकी कव्हर, वर निळ्या शाईत आकडा. शेवटच्या वहीवर २३ आहे. म्हणजे चार कमी.

ज्यांना बाई ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवते. बाई कोल्हापूर महापालिकेच्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास 'घरच्या शब्दा'चा असायचा. प्रत्येकानं घरातला, आईबापाच्या कामातला एक शब्द आणायचा. पुस्तकात नसलेला. तो शब्द आपणच फळ्यावर लिहायचा आणि वर्गाला समजावून सांगायचा. त्या अर्ध्या तासापुरते आम्ही मास्तर आणि बाई आमच्यातल्याच एका बाकावर, पदर खोचून, मांडीवर वही घेऊन बसलेल्या. मी १९९३ ते १९९६ अशी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होते.

गेली वीस वर्षं मी राजारामपुरीत डीटीपीचं काम करते. टायपिंग हा माझा रोजचा धंदा आहे. वह्या टाइप करायच्या, शब्द लावायचे, छापून पुस्तक बांधायचं, एक प्रत शाळेला आणि एक करवीर नगर वाचन मंदिराला द्यायची, असं दादांना सांगून आले. ट्रंक रिक्षातनं आणली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वह्या मोजून घेतल्या. ३, ११, १२ आणि १८ नाहीत. बाकीच्यांच्या पिना गंजल्यात आणि पिनांभोवतीचा कागद तपकिरी होऊन खाल्ला गेलाय. शाई मात्र बरी आहे, कारण बाई बॉलपेन वापरायच्या. फाउंटन पेनानं लिहिलेली फक्त पहिलीच वही आहे आणि तिच्यावर कधीतरी पाणी पडून सहा पानं नुसती निळी झालीत.

नोंदीची पद्धत सगळीकडे एकच आहे. शब्द, मग पोरानं सांगितलं तसंच्या तसं वाक्य, मग कंसात वस्ती आणि घरचं काम. उदाहरणार्थ :

रतीब : रोज ठरलेलं दूध. आमचा रतीब बावीस घरांचा हाय. (गंगावेश, म्हशी)

जात कुठंही लिहिलेली नाही. एकोणीस वह्या चाळल्या, एकदाही नाही. पोरांची नावं आहेत, पण ती मी छापणार नाही. आता ती माणसं पन्नाशीला आलीत, त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं घर कशाला पुस्तकात आणायचं? वस्ती आणि काम ठेवते.

रविवार, २ मार्च

दोन वह्या टाइप झाल्या. काही शब्दांखाली पेन्सिलीचं बारीक टिंब आहे.

टिंबाचा अर्थ आम्हाला शाळेपासून माहीत. बाई आमच्या वहीतला चुकलेला शब्द कधी खोडायच्या नाहीत. त्याखाली लाल टिंब द्यायच्या, बस्स. चूक काय आहे ते आपण हुडकायचं, दुरुस्त करायचं आणि वही परत न्यायची. ऱ्हस्व-दीर्घाची टिंबं मी पाचवीत ढिगानं खाल्ली. त्यामुळं इथंही तेच समजून चाललेय. टिंब असलेला शब्द कोशात बघायचा आणि अर्थ नीट करायचा. 'आधण : एक काहील' असं एका पोरानं लिहिलंय, ते 'आधण : उकळत ठेवलेलं पाणी' असं केलं. आजअखेर ११२ शब्द नीट केले.

कोश बघणं आता सोपं झालंय. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. बाई त्यासाठी नगर वाचन मंदिरात जाऊन बसायच्या. वहीत जागोजागी 'को. आहे', 'को. नाही' असं लिहिलंय ते त्याचंच.

रविवार, ९ मार्च

काम मागं गेलं, आणि ते जायलाच हवं होतं.

सात नंबरची वही उघडली तर कव्हरच्या आतल्या बाजूला बाईंनी स्वतःसाठी लिहून ठेवलेलं सापडलं. 'पेन्सिलीचे टिंब : मला कळले नाही. विचारायचे. कळले की टिंबावर खूण.'

मी पुन्हा पहिल्या वहीपासून बघत आले. बऱ्याच टिंबांवर बरोबरची बारीक खूण आहे आणि शेजारी तारीख. 'गुऱ्हाळावर जाऊन विचारले.' 'हिच्या आजीस विचारले.' 'तालमीत आत जाता येईना, वस्ताद बाहेर येऊन सांगून गेले.' शेवटची खूण २०१९ सालची आहे. बाई निवृत्त होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यानंतर गुडघ्यांनी त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही.

लाल टिंब आमच्या चुकीचं होतं आणि पेन्सिलीचं बाईंना न कळल्याचं. मी दोन्ही एकच धरून अकरा-बारा वर्षांच्या पोरांचे ११२ अर्थ पुसले. जुनी फाइल ठेवली नव्हती. ते सगळे शब्द वहीवरनं पुन्हा टाइप करायचे.

खूण नसलेली टिंबं मोजली. २१४. ही विचारायची राहिलीत. ती विचारल्याशिवाय पुस्तक करायचं नाही.

रविवार, २३ मार्च

यादीत 'गुऱ्हाळ' दोनदा आलं. अक्षर न् अक्षर सारखं, तरी संगणक दोन शब्द धरतोय. शोधल्यावर कळलं की एक गुऱ्हाळ मी टाइप केलंय आणि दुसरं मदतीला आलेल्या मुलीनं. तिच्या कीबोर्डावर र, मग हलंत, मग डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह असं पडतं. माझ्याकडं युनिकोडमधला वेगळा ऱ पडतो. कागदावर दोन्हीचा आकार एकच, आत मात्र दोन वेगळे. 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', सगळीकडं हीच गोष्ट. शोधा आणि बदला लावून सगळे ऱ एकसारखे केले.

हा वेगळा ऱ सुटा टाइप केला तर त्याच्या खाली टिंब दिसतं. रात्री साडेअकराला एकटीच दुकानात होते. त्या टिंबाकडं बघत राहिले. 'दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, बाळांनो, एवढ्याशा आकड्यानं माणूस बुडतो की पडतो ते ठरतं,' असं बाई फळ्यावर तो आकडा मोठा काढून दाखवायच्या.

दुसरी अडचण क्रमाची. संगणक ळ ला ल च्या पाठोपाठ बसवतो. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. बाईंनी आम्हाला तशीच पाठ करून घेतली होती. ळ पासून सुरू होणारा शब्द नाही हे खरं, पण शब्दाच्या पोटात तो पावलोपावली आहे आणि प्रत्येक वेळी क्रम बिघडतो. तो हातानंच लावतेय.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उतरवून दुकानात आले. वर्गातल्या मैत्रिणींना आणि मुलांना फोन केले, टिंबं वाटून दिली. तालमीची ज्याच्या घरी तालीम होती त्याला, फौंड्रीची उद्यमनगरात कामाला असलेल्या दोघांना, गोठ्याची गंगावेशीतल्या मैत्रिणीला. प्रत्येकाला एकच अट घातली. स्वतःला येत असलं तरी स्वतःचं सांगायचं नाही, घरातल्या मोठ्यांना विचारून यायचं.

आणखी एक गोष्ट ठरवावी लागली. वह्यांमध्ये मुलींची वाक्यं अशी आहेत : 'मी धार काढतो', 'मी आईसंगं गेलो'. आपल्याकडं बायकापोरी असंच बोलतात. पुण्याकडनं आलेल्या माणसाला वाटतं, मुलगी चुकली. टाइप करणाऱ्या मुलीनं ती सगळी वाक्यं 'काढते', 'गेले' केली होती. मी परत फिरवली. सहावीत असताना मीही निबंधात 'मी रंकाळ्यावर गेलो' लिहिलं होतं. बाईंनी जवळ बोलावून हळूच सांगितलं, "परीक्षेच्या पेपरात गेले लिही, मार्क मिळतील. घरी गेलोच म्हण, नाहीतर आजीला वाटेल पोरगी परकी झाली." टिंब दिलं नव्हतं.

रविवार, १३ एप्रिल

गुऱ्हाळांचा हंगाम सरत आला म्हणून आजच जाऊन आले. काल जोतिबाची चैत्र यात्रा झाली, आज परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला. करवीर तालुक्यातलं गाव आहे, मैत्रिणीच्या सासरचं.

गुऱ्हाळावर गेलं की आधी वास येतो आणि मग धूर दिसतो. बाहेर चिपाडं वाळत घातलेली, तीच चुलवाणात जाळतात. चरकातला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत येतो, तापला की वर काळपट फेस धरतो. ती मळी. रस निवळावा म्हणून भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, म्हातारा होता, साठीच्या पुढचा. पाक झाला का नाही हे त्यांनी घड्याळात बघितलं नाही की थर्मामीटरवर. थंड पाण्याच्या वाटीत थेंबभर टाकला, बोटांनी वळला. गोळी झाली. "उतरा," म्हणाले, आणि चौघांनी काहील उचलली.

मी 'आधण' विचारलं. ते म्हणाले, "एक काहील चढली न् उतरली, की एक आधण. आज चार आधणं काढायची हायत." म्हणजे त्या पोराचं अगदी बरोबर होतं. घरात आधण म्हणजे उकळतं पाणी, गुऱ्हाळावर आधण म्हणजे एका वेळचा गूळ. बाईंना घरचा अर्थ माहीत असणारच, म्हणून तर टिंब दिलं. मी मात्र घरचाच अर्थ खरा म्हणून पोराचा पुसला होता.

वह्यांत 'मळी' तीन ठिकाणी आहे. गुऱ्हाळाची मळी. साखर कारखान्यातली मळी, जिचं पाणी नदीत आलं की पेपरात बातमी येते. आणि तिसरी एका मुलीनं आजोळाहून आणलेली : 'मळी म्हणजे नदीकाठचं रान, पूर आला की आमची मळी पाण्यात.' बाईंनी तिन्हीपाशी एकमेकींचे पान नंबर टाकलेत. 'रवा'ही तसाच. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांना रवा म्हणजे शिऱ्याचा आणि गूळबाजारातल्या हमालांच्या पोरांना तीस किलोचा. शाहूपुरी ही पेठच मुळी गुळासाठी वसली, १८९५ साली, शाहू महाराजांनी वसवली. त्या पेठेतल्या पोराला रवा कुठला ते सांगायला लागत नाही.

निघताना गुळव्यांनी विचारलं, "हे लिवून काय करणार?" मी बाईंचं सांगितलं. त्यांनी काकवीची बाटली दिली, पैसे घेतले नाहीत.

११ मे

दुकानात नुसत्या लग्नपत्रिका. वह्यांतला एकही शब्द झाला नाही.

गुरुवार, २६ जून

शाहू जयंती. सकाळी शाळांच्या फेऱ्या बघायला दसरा चौकात उभी राहिले.

ह्या दिवशी बाई धडा घ्यायच्या नाहीत, गोष्ट सांगायच्या. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. "त्या काळी रुपया म्हणजे काय, घरी विचारून या," म्हणायच्या. आम्ही विचारून यायचो. कुणाचा आजा म्हणायचा आठवड्याचा बाजार, कुणाची आजी म्हणायची, रुपया आम्ही लांबूनच बघितला. तो दंड वसूल होवो न होवो, पुढं चामड्याचं काम करणाऱ्याचं पोर, गुऱ्हाळवाल्याचं, सराफाचं आणि हमालाचं एका बाकावर आलं. घरचा शब्द हा तास त्या बाकामुळं शक्य झाला, असं मला वह्या टाइप करताना सारखं वाटतंय. एकाच धंद्यातली पोरं असती तर एकमेकांना सांगायला काय होतं?

टिंबं आज १३१ उरली.

रविवार, १३ जुलै

सुभाषनगर, चपला करणाऱ्यांची वस्ती. इटलीत कुणीतरी आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवल्याची चर्चा अजून गरम आहे, त्यामुळं मला आधी पत्रकार समजले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला मिळालं, भाव मात्र तोच, असं एकजण बोलले. माझं काम वेगळं होतं.

नववी वही, पान ६३. 'कान : चपलेला असतात. तळातनं बाहेर येतात.' खाली टिंब, आणि बाईंनी पेन्सिलीनं चपलेचं चित्र काढून दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकलंय. चित्र काही जमलेलं नाही, पण प्रश्न नेमका आहे : कान पुढं का बाजूला?

उंबऱ्यात बसून एक मावशी वेणी विणत होत्या. चामड्याच्या बारीक वाद्या, तीन तीनच्या. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं नाही. पायानंच एक अर्धी चप्पल माझ्याकडं सरकवली. "हे बघ. तळ. तळाच्या दोन्ही अंगानं हे जे भाईर आलंय ते कान. पट्टा ह्या कानांत शिवायचा. कान धरला तरच पाय धरतो." चपलेला खिळा कुठंच नाही, शिवणसुद्धा चामड्याच्याच वादीची. त्यांचे मालक आत रापीनं तळ सवळत होते, ते बोलले, "बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं असलं तर पायताण बोलतंय, न्हाईतर गप बसतंय."

मावशींना पान दाखवलं. वाचता येत नव्हतं, चित्र बघून हसल्या. "तुमच्या बाईंनी कान पाठीमागं काढल्यात." मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली. वहीवर नको, म्हणून मी टाइप केलेला कागद पुढं केला. त्यावर त्यांनी दोन रेघांत कान जाग्यावर बसवले. ते चित्र तसंच छापणार.

रविवार, २७ जुलै

आज सोळावी वही. ह्यात माझे शब्द आहेत. इतके दिवस ती मी मुद्दाम मागं ठेवली होती.

आई तेव्हा शिंप्यांकडनं काज-बटणाचं काम आणायची, गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. सहावीतला माझा शब्द :

माया : शिवताना आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माझ्या युनिफॉर्मला आई लई माया ठेवते. (मंगळवार पेठ, शिवणकाम)

खाली टिंब. खूण नाही.

मला पटेना. हा शब्द बाईंना माहीत नव्हता? शिंप्याकडं जाणारी कुठलीही बाई 'आत माया ठेवा' म्हणतेच. घरी जाऊन आईला विचारलं. आई आता बहात्तरची आहे, मशीनवर बसत नाही, पण मशीनचं झाकण रोज पुसते.

"अगं, बाई आल्या होत्या की," आई म्हणाली. "तू सातवीत गेलीस त्या वर्षी. मशीनजवळ पाटावर बसल्या. मला म्हणाल्या, माया किती ठेवायची हे कसं ठरवता? मी म्हटलं, अंगाला बघून. वाढत्या अंगाची पोर असली तर दोन बोटं, आणि बाईमाणसाला एक बोट. आणि कापड भारीतलं असलं तर जास्त, कारण ते टिकणार, उसवून मोठं करता येतंय. चहा घेतला. तुझा जुना फ्रॉक मागून बघितला, उलटा करून."

शब्द त्यांना माहीत होता. किती, हे माहीत नव्हतं. टिंब त्याचं होतं. मग खूण का केली नाही? बहुतेक राहून गेली असेल. मी आईला वही दाखवली, तिनं चष्मा लावून पान बघितलं आणि म्हणाली, "अक्षर तुझं न्हाई हे." नाही, बाईंचं आहे. पण वाक्य माझं आहे, 'लई'सकट.

खूण मी केली नाही. आईला टाइप केलेल्या कागदावर करायला लावली. तारीखही तिनंच घातली.

आता पुढची प्रत्येक खूण सांगणाऱ्यानंच करायची, मी नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

भाऊसिंगजी रोडला जाता येईना, उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या उद्घाटनाला सगळं शहर लोटलंय. पावसातनं चालत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेले. गणपतीला दहा दिवस राहिलेत, कुणाला बोलायला वेळ नाही. बाहेर दाराशी उभं राहून बघितलं.

'आखणी : बाप्पाचे डोळे. बाबा आखणीला बसले की घरात कोण बोलत नाही.' टिंब : रंगवणे की आखणे?

डोळे आखतात. रंगवणं बाकीच्या अंगाचं, तिथं मुलंसुद्धा हात चालवतात. आखणीला त्या घरात एकच माणूस बसतो. मी बघत होते तेव्हा त्यांनी ब्रश दोनदा टेकवून उचलला, तिसऱ्यांदा श्वास धरून बुबुळाची कड ओढली. मूर्ती तोवर माती होती. ती आता माझ्याकडं बघतेय असं वाटून मी नकळत बाजूला झाले. त्यांनी ब्रश ठेवल्यावर कागद पुढं केला. त्यांनी त्याच ब्रशनं, काळ्या रंगात, खूण केली.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

शिक्षक दिन. बाईंच्या शाळेत गेले. नसलेल्या चार वह्यांचा शोध लागला आणि मन खट्टू झालं. बाईंनी त्या निवृत्त होताना शाळेला दिल्या होत्या, पोरांना बघायला. मधल्या काळात कपाट रिकामं करायचं ठरलं आणि जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर वह्या रद्दीत गेल्या. सांगणाऱ्यांनाही वाईट वाटत होतं. पण वाईट वाटून वह्या येत नाहीत. पुस्तकाची प्रत देताना ती कपाटात नाही, वर्गात राहील असं लेखी मागणार आहे.

अकराव्या वहीत तालमीचे शब्द होते, हे दहाव्या वहीच्या शेवटच्या पानावरनं कळतं. ज्याच्या घरी तालीम होती त्याला सांगितलं. त्यानं थोरल्या भावांना जमवलं आणि रात्री फोन स्पीकरवर लावला. हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, करेला, खुराक, मेहनत. लढत : पहाटेची, हिला हारजीत नसते. ढाक, घिस्सा, एकचाक हे डाव. दीड तासात चौसष्ट शब्द मिळाले. मधेच एकजण म्हणाला, "बाईंनी मला हौद्यातली माती कागदाच्या पुडीत आणायला सांगितलीती. हळद, तेल, ताक, लिंबू काय काय पडतंय ते वास घेऊन सगळ्या वर्गानं ओळखायचं." ती पुडी माझ्याही नाकाशी आली होती. मी फक्त हळद ओळखली होती.

रविवार, १२ ऑक्टोबर

लक्ष्मीपुरीत बायंडर मामांकडं दिवस गेला. मूळ वह्यांच्या गंजक्या पिना त्यांनी एक एक करून काढल्या, पात्याच्या टोकानं, कागद न फाडता. आता त्या दोऱ्यानं शिवतील. खळ मैद्याचीच, तीत चिमूटभर मोरचूद. कीड लागत नाही. मोरचूद घातली की खळीला निळसर झाक येते.

छापलेली पानं घड्या घालून ठेवली होती. टिंबं ३७ उरलीत. ती मी काढून टाकली नाहीत, शब्दांखाली तशीच छापलीत, आणि प्रत्येकासमोर खुणेपुरती जागा सोडलीय. मामांनी एक घडी उचलली, सुई ओवता ओवता सहज नजर टाकली आणि थांबले.

"हे आमचंय."

चौदावी वही. 'जुस : सोळा पानं एकात एक. (लक्ष्मीपुरी, बायंडिंग)' खाली टिंब, शेजारी बाईंचा प्रश्न : जुस की जुज?

"जुसच," मामा म्हणाले. "आमचं म्हातारं पण जुसच म्हणायचं. दुसरं कोण काय म्हणत असंल तर मला ठावं न्हाई." मग घडी डोळ्यांपाशी नेऊन पुन्हा वाचली. "धाकटीनं सांगितला असणार. ती होती बाईंच्या वर्गात. घरी येऊन म्हणाली होती, बाबा, आज तुमचा शब्द फळ्यावर."

कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, टिंबावर खूण केली. आजची तारीख मला विचारून घातली. मग तोच जुस बाकीच्यांत सारखा लावून शिवायला घेतला.